वाढणं आणि वाढवणं : गावाकडच्या साध्या जेवणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर दिवेलागणीला मी चुलीपुढे बसले होते. चुलीवर पातेलं, तवा अजून भिंतीला टेकवलेला. घरात माणसं सहा, सातवी मी. कांदा, लसूण आणि कुटलेल्या मिरचीच्या फोडणीवर रांधणाऱ्या आक्कांनी पाणी ओतलं होतं आणि त्याला उकळी यायच्या बेतात होती. एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. आक्कांचा धाकटा दीर आला, त्याच्यामागे त्याचा दोस्त. आक्कांनी मान वर करून पाहिलं, घागरीतून तांब्या भरला, त्यातलं निम्मं पाणी पातेल्यात ओतलं, डब्यातून बेसनाची आणखी एक मूठ काढून ताटलीत ठेवली आणि चिमूटभर मीठ टाकलं. मी पेन सरसावून विचारलं, "पाणी किती घातलंत?"

"एका मानसाचं," आक्का म्हणाल्या.

मी वहीत लिहिलं, सुमारे पाव लिटर. घरी आल्यावर ते खोडलं आणि त्यांचंच उत्तर लिहिलं. पाव लिटर हे पाण्याचं माप झालं. आक्का पाणी मोजतच नव्हत्या.

मराठीत ताटात घालण्याला वाढणं म्हणतात आणि मोठं होण्यालाही वाढणंच म्हणतात. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी फुटली तरी ती वाढली असंच म्हणायचं. उणं झालेल्याला वाढलं म्हणणाऱ्या भाषेत स्वयंपाकाचं अर्धं शास्त्र आयतं साठवलेलं आहे. कोरडवाहू महाराष्ट्रातलं, थोड्या पैशांतलं, घरच्या माणसांसाठी रात्री रांधलेलं जेवण हा या पुस्तकाचा विषय. त्याचं कसब चवीत आहेच, पण चवीपेक्षा ते वाढवण्यात जास्त आहे. चार जिनसांत रुची आणणं हे एक काम. त्याच चार जिनसांत आयत्या वेळी आलेलं माणूस सामावून घेणं, आणि तेही त्याला न कळू देता, हे दुसरं. पाककृतीच्या पुस्तकांनी पहिल्या कामाची नोंद केली. दुसऱ्याची करायची राहिली आहे, आणि या अभ्यासात नव्याने येणाऱ्याला मी त्याच कामासाठी बोलावते आहे.

हद्द आधी सांगून टाकते. पावसाच्या सावलीतला पट्टा म्हणजे नगर, सोलापूर, साताऱ्याकडचे माण-खटाव, सांगलीची पूर्व बाजू, बीड, धाराशिव, लातूर. या पट्ट्यातल्या चुली मी जास्त पाहिल्या, म्हणून इथे त्याच आहेत. कोकणातला भात आणि कुळथाची पिठी, खानदेशातली कळण्याची भाकरी, विदर्भाचा झणझणीत झुणका यांचा संसार वेगळा. त्यावर लिहिणारे त्या त्या चुलीजवळ बसलेले असावेत.

सुरुवात भाकरीपासून करू, कारण उरलेलं सगळं तिच्यासाठी असतं. या भागात भाकरीबरोबर जे काही खातात त्याला कोरड्यास म्हणतात. शब्द ऐकून वाटतं काहीतरी सुकं असेल. असतं मात्र बहुधा पातळ: आमटी, पिठलं, पालेभाजीचं गरगटं. कोरडी असते ती भाकरी.

गव्हाची कणीक ओढली तर ताणते, ज्वारीचं पीठ ओढलं तर तुटतं. गव्हातलं ते चिवट प्रथिन ज्वारीत नाही. मग तळहाताच्या दाबाखाली हे पीठ ताटाएवढं पसरतं कसं? त्याचं उत्तर आधणात आहे. उकळतं पाणी पिठाला लागलं की त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि मळताना तोच खळीचं काम करतो. मळायचंही एका भाकरीपुरतंच, कारण मळलेला गोळा पडून राहिला की त्याला चिरा जातात. थापताना खाली कोरडं पीठ, वर ओलसर हात. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते आणि तिच्यावरून लगेच पाण्याचा हात फिरतो. हे पाणी कशासाठी, असं मी चौघींना विचारलं. तिघी हसल्या. चौथी म्हणाली, "न्हाय लावलं तर भुई तडकल्यावानी तडकती." उत्तर बरोबर आहे. पाण्याचा तो पातळ थर वरची बाजू एकदम वाळू देत नाही, आणि पापुद्रा सुटेपर्यंत ती लवचीक राहते. पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटायची. दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावायची. आत कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. न फुगलेली भाकरी खाता येते, पण करणारीच्या चेहऱ्यावर ती दिसते.

दळण जुनं झालं की ज्वारीच्या पिठाची विरी जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता थापताच कडेने मोडते. विरी हा शब्द मी शाळेत कधी ऐकला नाही, आणि शहरातल्या कितीतरी मराठी घरांत तो आता उरलेला नाही. या एका शब्दामुळे आठवड्याचं दळण आठवड्यालाच न्यायची रीत पडली, गिरणीच्या फेऱ्या ठरल्या आणि घरात किती पीठ ठेवायचं हेही ठरलं. असे शब्द गोळा करणं हेसुद्धा या अभ्यासाचं काम आहे. सोलापूरच्या एका बैठकीत मी हे म्हणाले तेव्हा एका प्राध्यापकांनी मला हा कोशकारांचा प्रांत असल्याची आठवण करून दिली. असेल. पण कोशकार चुलीपाशी येईपर्यंत शब्द थांबायचे नाहीत.

आता पिठलं. ते दोन रीतींनी होतं. एकात पीठ आधी पाण्यात किंवा ताकात कालवून घेतात आणि फोडणीवर ओततात. दुसऱ्यात फोडणीच्या पाण्याला खळखळ उकळी आली की एका हाताने कोरडं पीठ वैरायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. वैरलेल्या पिठल्यात बारीक गाठी राहतात. कुणाला त्या फसलेल्या वाटतात, कुणाला हव्याच असतात. मी गाठीवाल्यांच्या बाजूची आहे. दोन्ही रीतींत झाकण ठेवून वाफ काढायची, रटरट आवाज यायला लागला की उतरवायचं. बेसन पाणी चांगलं धरून ठेवतं, आणि त्यामुळेच एका माणसाचं पाणी आयत्या वेळी घालता येतं. झुणका कोरडा असतो, त्यात ही सोय नाही. झुणका केला आणि पाहुणा आला, तर ताटातलाच कमी करावा लागतो.

पिठलं गरिबाघरी इतकं का चालतं, याचं पैशाचं उत्तर सगळे देतात. जळणाचं उत्तर कुणी देत नाही. तुरीची डाळ चुलीवर शिजायला तासभर घेते, बेसन पाच-दहा मिनिटांत शिजतं. बेसनाची डाळ भरडून-दळून झालेली असते, म्हणजे शिजण्याचं निम्मं काम गिरणीने आधीच केलेलं असतं. घरात तुराट्या असतील तर जाळ भडकतो आणि लगेच बसतो. पऱ्हाट्यांचंही तसंच. गोवरी सावकाश धुमसते. आज काय रांधायचं हा प्रश्न पुष्कळदा आज काय जाळायचं असा असतो. डाळीची आमटी करायची तर पातेलं वैलावर ठेवायचं. वैल म्हणजे मुख्य चुलीच्या बाजूचं तोंड. चुलीवर भाकऱ्या होत असताना उरलेला जाळ तिकडे वळतो, आणि भाकऱ्या संपेपर्यंत डाळ मऊ होते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस यातल्या पुष्कळ घरांत पोचला. डोळ्यांतलं पाणी थांबलं, त्याबद्दल मी एकाही बाईकडून तक्रार ऐकलेली नाही. पण गॅसच्या शेगडीला वैल नाही. दोन बर्नर म्हणजे दोन खर्च. त्यामुळे वैलावरच्या आमटीची जागा कुकरच्या शिट्टीने घेतली. आणि सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटते, तीही कोपऱ्यात मुद्दाम राखलेली.

हे जेवण स्वस्त आहे ते आणखी एका कारणाने: ते एकाच शेतातून येतं. रब्बीच्या ज्वारीत अधूनमधून करडईच्या ओळी, शेजारच्या तुकड्यात हरभरा. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याचं बेसन, करडईचं घाण्यावरचं तेल. बांधावरच्या किंवा विहिरीजवळच्या वाफ्यातला कांदा, लसूण, मिरची. कोवळ्या करडईची भाजी होते, हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फुटवे जास्त येतात आणि खुडलेला पाला ओला नि वाळवून दोन्हीही खातात. थंडीत पहाटे हरभऱ्यावर अंथरलेल्या फडक्यातून दवाबरोबर उतरलेली आंब पिळून घेतात, ती आंबटपणाला. बाजारातून मीठ, हळद आणि काडेपेटी. ज्वारीची जात बहुतेक ठिकाणी मालदांडी. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली ही जात आजही टिकून आहे. तिचं दाण्याइतकंच कौतुक कडब्यासाठी होतं, कारण त्या कडब्यावर बैल आणि दुभती म्हैस जगते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर पेरलेली ज्वारी पुढे पाण्याची फार मागणी करत नाही. माणसाच्या पोटाची आणि गुरांच्या पोटाची सोय एकाच ताटाने करणारं दुसरं धान्य या पट्ट्यात मला माहीत नाही.

ज्वारी आणि हरभरा एकमेकांची उणीव भरून काढतात. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन कमी, हरभऱ्यात भरपूर. हरभऱ्याला ज्याची कमतरता आहे ते धान्यातून मिळतं. पोषणशास्त्राने हे सांगण्याच्या फार आधीपासून पिठलं-भाकरी एकत्र आहे. मात्र यावरून "पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" अशी उडी मारू नये. जे शेतात शेजारी पिकलं ते ताटात शेजारी आलं. पूर्वजांना काय ठाऊक होतं हे पुराव्याने दाखवायचं असतं, आणि या विषयात पुरावे गोळा करणं कंटाळवाणं आहे. म्हणूनच आवश्यक आहे.

पुरावे कुठे आहेत? छापील पाककृतींची मराठी परंपरा 'सूपशास्त्रा'पर्यंत, म्हणजे १८७५ पर्यंत मागे जाते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० चं, आणि त्याने वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं. नोकरीसाठी शहरात आलेल्या, सासूपासून दूर संसार मांडलेल्या बाईला त्या मापाने केवढा धीर दिला, ते माझ्या आईच्या प्रतीवरच्या हळदीच्या डागांवरून मला ठाऊक आहे. पण वाटी-चमचा हे चौघांच्या घराचं माप. आक्कांच्या सासूबाई धान्य मोजायच्या ते मापट्यांनी: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गावागावांत पायली लहान-मोठी असायची, आणि दशमान मापं सक्तीची झाल्यानंतरही डब्यात पडून राहिलेलं चिपटं आजही पुष्कळ घरांत ज्वारी काढायला वापरतात. अमुक माणसांना अमुक चिपटी, हा हिशेब तोंडी चालत आला. तो लिहिलेला नाही.

दुसरा साठा सरकारी. जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत (सोलापूरचा खंड १८८४ चा, पुण्याचा १८८५ चा) जातवार अन्नाच्या नोंदी आहेत. त्या वाचाव्यातच, पण जपून. बऱ्याच नोंदी साच्यातल्या आहेत, आणि लिहिणारा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून लिहितो आहे हे जाणवतं. त्याच दशकात, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. कुणब्याच्या घराचं त्यातलं वर्णन उंबऱ्याच्या आतून केलेलं आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाची पाहणी छापली. जमीन, कर्ज, उत्पन्न, खर्च असा माणसामाणसाचा हिशेब त्यात आहे. ते गाव आता पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत शोधावं लागतं. जात्यावरच्या ओव्या हा तिसरा साठा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. त्या गाणाऱ्या बायका दळता दळता गात होत्या, म्हणजे भाकरीच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या. या विषयाच्या नजरेने तो साठा अजून कुणी नीट चाळलेला नाही.

आणि दलित आत्मकथनं. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं'. साहित्य म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं, पण भुकेचं दफ्तर म्हणून ती वाचली गेली नाहीत. शर्मिला रेगे आणि सहकाऱ्यांनी पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातून २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर काम प्रसिद्ध केलं. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ चं. मराठवाड्यातल्या दलित वस्तीची चूल त्यांनी नावानिशी, जिनसांनिशी मांडली. नवीन येणाऱ्याला मी सांगते, आधी पाटोळे वाचा, मग बाकीचे. कारण आपण ज्याला "गावाकडचं जेवण" म्हणतो ते गावातल्या सगळ्यांचं कधीच एक नव्हतं. एका दारात ताज्या भाकरीची उतरंड आणि दुसऱ्या दाराला संध्याकाळी मागून आणलेल्या शिळ्या तुकड्यांची टोपली, हे एकाच गावात एकाच वेळी चालायचं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ते उष्टे-शिळे तुकडे घेणं सोडा असं सांगितलं. भाकरी नाकारणं हासुद्धा भाकरीच्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो गाळून लिहिलेल्या गावरान आठवणी मला अर्धवट वाटतात.

"पारंपरिक" या शब्दाशीही जरा भांडावं लागेल. पिठल्यातली मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हेही अमेरिकेतून आलेले. कूट न घातलेली वांग्याची भाजी आज माणदेशात कुणी जेवायला वाढणार नाही, पण शिवाजी महाराजांच्या काळात तिथल्या शेतांत भुईमुगाचं आजच्यासारखं राज्य नव्हतं. ठेच्याला तिखटपणा मिरची येण्याआधी मिऱ्यांनी, आल्याने दिला असेल का, हा चांगला प्रश्न आहे. त्यावर चांगला निबंध होईल. "हजारो वर्षांपासून" या शब्दांनी तो सुरू होऊ नये एवढंच.

नजीकच्या काळातही हे ताट चारदा तरी उलटंपालटं झालं. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली. पहिला संकरित वाण १९६४ चा. दाणे भरघोस, पण "हायब्रीडची भाकरी" म्हटलं की त्या पिढीतली माणसं अजून तोंड वाकडं करतात. १९७२ चा दुष्काळ पडला. रोजगार हमीची कामं निघाली, खडी फोडायला अख्खी घरं बाहेर पडली, सुकडी वाटली गेली आणि रेशनवर अमेरिकेची लालसर मिलो ज्वारी आली. त्या वर्षाच्या आठवणी सांगताना लोक आधी मिलोचा रंग सांगतात. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. ती केंद्रं पाचेक वर्षांत बंद पडली. पण सरकारने गरिबाचं जेवण म्हणून निवडलेला पदार्थ तेव्हा भाकरी होता. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी निघाली, तिच्यात दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण. भाकरी नाही. पंचवीस वर्षांत ती कुठे गेली? रेशनवर गहू दोन रुपये किलो आणि तांदूळ तीन रुपये, २०२३ पासून तर तेही फुकट. ज्वारी बाजारातून विकत. मजूर माणूस हिशेब करतो आणि चपाती खातो. तिकडे हमरस्त्यावर "चुलीवरची भाकरी" अशी पाटी लावलेल्या धाब्यापुढे शहरातल्या गाड्या उभ्या असतात आणि २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. आक्कांच्या घरीही आठवड्यातून तीन रात्री चपाती असते. सून म्हणते, लवकर होते.

आणखी एक गोष्ट कौतुकाच्या भरात विसरली जाते. हे जेवण दरवेळी पुरेसं नव्हतं. ताटात ज्वारीच होती आणि जवळपास दुसरं काही नव्हतं, अशा घरांत दख्खनमध्ये पेलाग्रा हा रोग दिसला. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, त्यांत डॉ. सी. गोपालन प्रमुख, १९६० च्या सुमारास त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसीनशी जोडला. त्या मांडणीवर पुढे वाद झाले. पण कातडी सोलवटून निघालेली ती माणसं खरी होती. पिठलं-भाकरी पूर्ण अन्न ठरते ती पिठलं असेल तेव्हा. पिठलं नसलेल्या रात्री मीठ-मिरची आणि पाणी असायचं.

शेवटी थोडं कामाच्या पद्धतीविषयी, कारण इथे माझी स्वतःची फजिती सांगणं भाग आहे. पहिली दोन वर्षं मी दिवसाढवळ्या जायची, आधी निरोप पाठवून जायची. प्रत्येक घरी शिरा व्हायचा, नाहीतर पोहे. रात्री थांबले तर कोंबडी कापली जायची. माझ्या पहिल्या तीन वह्यांत ज्या जेवणाच्या नोंदी आहेत ते जेवण त्या घरांनी माझ्याशिवाय वर्षातून चारदाही केलं नसेल. नोंदी चोख, तारखा-वेळा सगळं नीट, आणि विषय मात्र चुकलेला. मी ज्या विद्यापीठात त्या नोंदी सादर केल्या तिथे कुणाच्या ते लक्षात आलं नाही, हे मला आजही सलतं. पाहुण्याला काय वाढतात त्यावरून घर काय खातं ते कळत नाही. ते कळायला पाहुणेपण झिजावं लागतं, आणि ते फक्त पुन्हा पुन्हा गेल्याने झिजतं. तेव्हा संध्याकाळी जा, न सांगता जा, लसूण सोलायला घ्या. कृती विचारू नका, माणसं किती हे विचारा. उरलं तर काय करता हेही विचारा. शिळ्या भाकरीचा कुस्करा, ताक घालून केलेले तुकडे, फोडणी दिलेला चुरा, यांची नावं दर दहा मैलांवर बदलतात. आणि शेवटची पंगत उठेपर्यंत बसून राहा. बहुतेक अभ्यासक पहिल्या पंगतीत जेवून निघतात. मीही निघायची.

त्या रात्री मी निघाले नाही. आधी पुरुष आणि पोरं जेवली. दिराच्या दोस्ताने दोनदा पिठलं घेतलं आणि हात धुताना चांगलं झालंय म्हणाला. मग सासूबाई आणि सून. टोपल्यात दोन भाकऱ्या राहिल्या होत्या. तव्यावर तिसरी होती, तीही थोडी करपलेली. पातेल्यात पिठलं नव्हतंच म्हटलं तरी चालेल. आक्कांनी पातेलं मांडीवर आडवं घेतलं आणि उलथण्याने बुडाला चिकटलेली खरवड काढायला सुरुवात केली. तांबूस, खरपूस, कडेला तेल सुटलेली. सांगोल्यात मी जे जे खाल्लं त्यात तिच्याएवढी चव कशाला आलेली नाही. बाहेरून एका पोराने, "आय, मला ठेव," म्हणून ओरडून सांगितलं.

"तू जेवलाईस," आक्का म्हणाल्या.

मग करपलेली भाकरी त्यांनी आपल्याकडे ओढली, चांगली माझ्यापुढे सरकवली, आणि खरवडीचे उलथण्यानेच दोन भाग केले.